इंगळाबाईचा मुक्काम

वाळवंटी विंचू पाळायचा म्हणजे बहुतेक वेळ वाळूच पाळायची. काचेची एक पेटी, तिच्यात वीतभर जाडीचा वाळू आणि चिकणमातीचा थर, एक चपटा दगड, पाण्याची उथळ वाटी. दिवसभर यापलीकडे बघण्यासारखं काही नसतं. घरी आलेले पाहुणे पेटीपाशी वाकतात, काचेवर टकटक करतात (करू नका म्हटलं तरी करतातच) आणि विचारतात, "आहे कुठे?" मी दगडाखालच्या भोकाकडे बोट दाखवते. पाहुणे त्या भोकाकडे जरा वेळ आदराने बघतात आणि चहाकडे वळतात.

आम्ही ॲरिझोनात राहतो, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये. इथली बरीच मराठी घरं चिप बनवणाऱ्या कारखान्यांच्या आधाराने उभी आहेत, आमचंही त्यांतलंच. गाव सोनोरन वाळवंटात आहे, पण ते विसरायला लावायची व्यवस्था चोख आहे. कालव्यांतून पाणी येतं, हिरवळ रोज भिजते, मॉलमध्ये शाल घेऊन जावं लागतं. वाळवंट आठवतं ते दोनच गोष्टींनी. एक ऊन: २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस फिनिक्सचा दुपारचा पारा ४३ अंशांच्या वर होता. दुसरी विंचू.

विंचवांबद्दल इथे कोणी आडपडदा ठेवत नाही. नवीन शेजारी पहिल्या भेटीतच विचारतो, "तुमच्याकडे निघतात का?" घरांत निघतो तो बार्क स्कॉर्पियन. बोटाएवढा, सडपातळ, फिकट पिवळा. भिंतीवर चढतो, छताला उलटा लटकतो, ओलाव्याच्या शोधात न्हाणीघरात येतो. गुळगुळीत काचेवर मात्र त्याला चढता येत नाही, म्हणून तान्ह्या मुलांच्या पलंगाचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवायची इथे रीत आहे. मोठ्या माणसाला डसला तर ठणका आणि बधिरपणा यांवर निभावतं. लहान मुलाला डसला तर डोळे गरगर फिरू लागतात, हातपाय झटके देतात, श्वास अडतो. त्यावरचं प्रतिविष मेक्सिकोत तयार होत होतं. ॲरिझोना विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्याच्या चाचण्या केल्या आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मान्य केलं. आमच्या घरात तेव्हा लहान मूल होतं. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही, हे त्याला आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

तेच मूल बाराव्या वर्षी प्राण्यांच्या दुकानात एका प्लॅस्टिकच्या डब्यासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "आई, हा घेऊ या."

मुद्दे त्याने आधीच काढून ठेवले होते. हा घरातला विंचू नव्हे, हा डेझर्ट हेअरी स्कॉर्पियन. अंगावर राठ केस, पाठ काळसर, पाय आणि चिमटे पिवळे. अमेरिकेतला सगळ्यांत मोठा विंचू, पाच इंचांच्या पुढे वाढतो. शास्त्रीय नाव हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस, म्हणजे आपल्या राज्याचंच नाव. विष सौम्य, मधमाशीच्या डंखाच्या जवळपासचं, ॲलर्जी असेल तर तेवढी काळजी. भुंकत नाही, केस गाळत नाही, फिरायला न्यावा लागत नाही. आठवड्याला एक रातकिडा पुरतो. आणि शेवटचा, मुद्दाम राखून ठेवलेला मुद्दा: "हा बार्क स्कॉर्पियनला खातो."

त्या मुद्द्यावर मी विरघळले. आमच्या पेटीतल्या विंचवाने बाहेरचा एकही बार्क स्कॉर्पियन कमी होणार नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण शत्रूचा शत्रू घरात असावा, ही भावना हिशेबापेक्षा जोरकस असते. दुकानातल्या मुलीने डबा उचलून खालून पाहिला आणि मादी असल्याचं सांगितलं. विंचवाच्या पोटाखाली कंगव्याच्या आकाराचे दोन अवयव असतात. ते इतर कुठल्याच प्राण्याला नसतात. चालताना ते जमिनीला टेकवत विंचू मातीचा वास-चव काय ती घेत जातो. नराचे कंगवे मोठे, मादीचे लहान. ही मादी. लेकाने तिचं नाव 'सँडी' ठेवलं.

ते नाव सासूबाई येईपर्यंत टिकलं.

त्या हिवाळ्यात यायच्या, थंडी ओसरून उन्हाळा सुरू झाला की परत जायच्या. त्यांना फोनवर सांगायचं धाडस कोणी केलं नव्हतं. आल्या त्या संध्याकाळी नातवाने हात धरून त्यांना पेटीपाशी नेलं. सँडी नेमकी बाहेर होती. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही तर इंगळी." पुढे नातवाकडे वळून, "तुला दुसरं काही मिळालं नाही रे बाबा?" आणि त्यानंतर माझ्याकडे एक नजर, जिचं वर्णन इथे करत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांच्या तोंडी 'इंगळाबाई' सुरू झालं आणि सँडी मागे पडली.

सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही महाडच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिकडे मोठी काळी इंगळी असते आणि लहान तांबडा विंचू असतो. परका माणूस इंगळीला घाबरतो. गावचा माणूस तांबड्याला. तो दगडी गडग्यांत असतो, लाकडांच्या राशीत असतो, पेंढ्यात असतो, पडवीतल्या चपलेत असतो. सासूबाईंचा धाकटा दीर भाताच्या झोडणीच्या दिवसांत पेंढा रचत होता. वय पंधराच्या आत-बाहेर. डंख पायाला झाला. फार दुखत नव्हतं, उलट तो हसत होता, हे त्यांना अजून सहन होत नाही. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. मग घाम, सदरा पिळून काढावा इतका. हातपाय गार पडले. भगत आला, अंगारा झाला, कुणीतरी डंखावर कसलासा पाला बांधला. पहाटेकडे पोराला श्वास लागला आणि तोंडाला गुलाबी फेस आला.

त्याच मुलखात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. अशी माणसं त्यांच्यासमोर आणली जात होती आणि हाती असलेल्या उपचारांनी वाचत नव्हती. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी करू लागले. ओकारी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती, नाडी किती, छातीत पाणी कधी भरलं. १९८२ मध्ये ही निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. या विषाने शरीराची स्वतःचीच तातडीची रसायनं पुराने यावीत तशी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. गुलाबी फेस तो हाच. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. साधी, स्वस्त गोळी. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्यावर लेख आला. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीसेक दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे जरा आधी यायला हवे होते."

मी त्यांना लॅन्सेटमधल्या लेखाचा सारांश मराठीत सांगत होते, तेव्हा प्रत्येक लक्षणाच्या आधी त्या मान हलवत होत्या. क्रम त्यांना पाठ होता. एका रात्रीत पाठ झालेला.

अशा बाईच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आम्ही विंचू ठेवला होता, हे मी इथे नोंदवून ठेवते. पेटी गॅरेजमध्ये हलवायचा प्रस्ताव मी मांडला. गॅरेजमध्ये उन्हाळ्यात विंचूही शिजेल, असं लेकाचं म्हणणं पडलं. निकाल सासूबाईंनीच दिला. "राहू दे. कुठे आहे ते तरी माहीत आहे." यामागचा तर्क मला पुढे पुष्कळ दिवसांनी उमगला. त्यांच्या गावी विंचवाची खरी भीती ही की तो कुठे आहे हे कधीच माहीत नसतं.

आता थोडं व्यवस्थापनाबद्दल, कारण या पाळण्यात प्रेमाला वाव कमी आणि व्यवस्थापनाला फार. बाहेर ४३ अंश, घरात एसी २५ वर, आणि त्या एसीतल्या घरात वाळवंटातल्या प्राण्याला गारठा नको म्हणून पेटीला ऊब देणारी गादी. दोन्हींचं वीजबिल आम्हीच भरतो. ही गादी पेटीच्या बाजूला लावायची, तळाला नाही. इंगळाबाईच्या जगात ऊन वरून येतं आणि खोल गेलं की गारवा मिळतो. रानात तिची बिळं माणसाच्या उंचीपेक्षाही खोल जातात. तळ तापला तर ती गारव्यासाठी खाली खणत जाते आणि जितकी खाली जाते तितकी भाजते. लाखो वर्षांच्या शहाणपणाला आपण एका गादीने फसवू शकतो, हे वाचल्यावर मला कसंसंच झालं. वाळूचा तळ किंचित ओलसर, वरचा थर कोरडा ठेवायचा. सगळीकडे ओल झाली तर अंगावर बुरशीचे काळे डाग पडतात आणि विंचू जातो. या जातीच्या कातडीतून पाणी बाहेर पडतं तेही नगण्य. नील हॅडली या प्राणिशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याच जातीवर काम करून ते मोजलं होतं. वाटीतलं पाणी मी बदलते ते बहुधा माझ्या समाधानासाठी. तिला पाणी मिळतं ते रातकिड्याच्या पोटातून.

एका पेटीत एकच विंचू. दोन ठेवले तर काही दिवसांनी एकच राहतो, फक्त जरा जाडजूड.

रातकिडे दुकानातून डझनाने आणायचे आणि त्यांनाही गाजर-कणीक खाऊ घालून धष्टपुष्ट ठेवायचे, म्हणजे त्यांचं सत्त्व पुढे पोचतं. घरात एक मुका विंचू ठेवण्याची किंमत म्हणून डझनभर किरकिरणारे रातकिडे बाळगावे लागतात, ही गोष्ट लेकाच्या मुद्द्यांत नव्हती. लांब चिमट्याने एक रातकिडा आत सोडायचा आणि दूर व्हायचं. न खाल्लेला रातकिडा सकाळी काढून घ्यायचा, कारण उपाशी रातकिडा विंचवालाही कुरतडतो.

ती खाते कशी, हे बघायला मिळालं तर नशीब. रातकिडा आला की ती वळत नाही, डोळे रोखत नाही. तिला डोळे बरेच आहेत, पाठीवर मधोमध दोन आणि कडेला आणखी काही, पण शिकारीत त्यांचा उपयोग यथातथाच. रातकिडा थबकलेला असेपर्यंत ती दगडच. तो हलला की ती एका झेपेत अचूक त्याच्यावर असते. हे कसं होतं याचा छडा १९७० च्या दशकात फिलिप ब्राउनेल या संशोधकाने लावला, मोहावे वाळवंटातल्या दुसऱ्या एका जातीवर. त्याच्या ध्यानात आलं की फडफडता पतंग हवेत धरला तर विंचू दखलही घेत नाही, पण पतंग वाळूला टेकला की झडप घालतो. वाळू हादरे गिळून टाकते, असाच सगळ्यांचा समज होता. ब्राउनेलने मोजलं तर वाळूच्या पृष्ठभागावरून हादऱ्याची एक लाट सेकंदाला ५० मीटरच्या आसपास, म्हणजे फारच संथ, जाताना सापडली. विंचवाचे आठ पाय वाळूवर वर्तुळात टेकलेले असतात. लाट जवळच्या पायाला आधी भेटते, लांबच्या पायाला सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या उशिराने. त्या फरकावरून विंचू दिशा ओळखतो. खात्रीसाठी ब्राउनेलने वाळूचे दोन भाग करून मध्ये फट ठेवली आणि विंचवाला फटीवर उभं केलं, चार पाय अलीकडे, चार पलीकडे. ज्या बाजूची वाळू हलवली त्या बाजूला विंचू वळला.

हे कळल्यापासून पेटीजवळून जाताना माझी पावलं हलकी पडू लागली. मी रोज पाणी बदलते, वाळू सारखी करते, रातकिडे निवडते, पण तिला यातलं काही ठाऊक नाही. माझा चेहरा तिला नाही, आवाज नाही, वास असलाच तर वाळूवर उमटल्याशिवाय नाही. तिच्या लेखी मी एक हादरा आहे. रातकिड्यापेक्षा फार मोठा, म्हणून खाण्याजोगा नाही, म्हणून धोक्याचा. इतकी वर्षं झाली, मी झाकण उचललं की नांगी आजही वर येते.

इकडचे लोक विचारतात, मग मिळतं काय? आमच्या समोरच्या घरात दोन लॅब्रेडॉर आहेत आणि त्यांची मालकीण मला सहानुभूतीने विचारते. मला उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच बाजारातला आहे. काही विंचूवाले यावर तोडगा म्हणून विंचू हातावर घेतात, मनगटावर चालवतात, व्हिडिओ काढतात. मला त्या लोकांचं काही समजत नाही. ज्या प्राण्याला स्पर्शाचा अर्थ फक्त शिकार किंवा शिकारी एवढाच लागतो, त्याला आपल्या कौतुकासाठी हातावर घ्यायचं, पडला तर त्याचं पोट फुटतं हे ठाऊक असूनही.

सासूबाईंनी कधी असले प्रश्न विचारले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो रोज सकाळी पोहे करताना यायचा. "जेवली का ती?" थंडी पडली की इंगळाबाई खाणं बंद करते. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. आल्यागेल्याला दोन घास खाल्ल्याशिवाय न सोडणाऱ्या बाईच्या घरात एक जण महिनाभर अन्नाला शिवत नव्हता. सासूबाई अस्वस्थ झाल्या. विंचू काही महिने न खाता सहज राहतो, त्याचं शरीर अगदी मंद आचेवर चालतं, हे नातवाने त्यांना समजावलं. "म्हणजे चातुर्मास पाळते," त्या म्हणाल्या आणि निश्चिंत झाल्या. तरी विचारायचं थांबल्या नाहीत.

एका रात्री लेकाने घरातले सगळे दिवे घालवले आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावला. इंगळाबाई निळसर हिरवी पेटली. चिमटे, पाठ, शेपटीचा एकेक मणी, सगळं स्वतःच्या उजेडात. सासूबाईंनी नकळत हात जोडले आणि मग, विंचवाला हात जोडले हे ध्यानात आल्यावर, पदराने तोंड पुसलं. विंचवाच्या कातडीत अशी रसायनं असतात की अदृश्य अतिनील किरण पडले की ती दृश्य हिरवा उजेड फेकतात. बीटा-कार्बोलीन हे त्यांतलं एक. ताजी कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच घट्ट होत जाईल तसा उजळतो. मेलेलाही चमकतो, संग्रहालयात बाटलीतला अल्कोहोलमध्ये बुडालेलाही. त्याला स्वतःला याचा काय उपयोग, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. ओक्लाहोमा विद्यापीठातले डग्लस गॅफिन म्हणतात की कदाचित विंचवाचं सबंध अंगच डोळ्याचं काम करत असेल, आपण उघड्यावर आहोत की आडोशाला हे त्याला असं कळत असेल. लेकाला ही कल्पना फार आवडली होती. सासूबाईंनी व्यवहाराचा प्रश्न विचारला: "ही बॅटरी गावी मिळेल का?"

मिळते. पुढच्या खेपेला त्या दोन घेऊन गेल्या.

या दिव्यामुळेच विंचवांचा अभ्यास दगड उलथण्यातून सुटला. गॅरी पोलिस हे शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्याच्या वाळूत रात्र रात्र असा दिवा घेऊन हिंडले. चमकणाऱ्या रंगाचे ठिपके देऊन त्यांनी विंचवांना ओळखी दिल्या आणि कोण कुठे राहतो, काय खातो, कोणाला खातो याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यांचा विंचू आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक काळ बिळात काही न करता काढतो, असं त्यांना दिसलं. 'द बायॉलॉजी ऑफ स्कॉर्पियन्स' हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९० चा. मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात संशोधनासाठी गेलेली त्यांची होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ते चार सहकाऱ्यांसह बुडाले. आयुष्यभर कोरड्या वाळूत हिंडलेला माणूस पाण्यात गेला.

बावस्कर, ब्राउनेल, पोलिस. तिघांचे हेतू निराळे. एकाला माणसं वाचवायची होती, दुसऱ्याला हादऱ्याचं गणित उलगडायचं होतं, तिसऱ्याला वाळवंटात कोण कोणावर जगतं हे शोधायचं होतं. पण तिघंही रात्री जागे राहून बघत बसले, आणि विंचवावर प्रेम करण्याची गरज तिघांतल्या कोणालाच पडली नसावी. सासूबाईंचंही तेच. इंगळाबाई त्यांना आवडू लागली असं मी म्हणणार नाही. ही जात दिवसा आत असते, ही काचेवर चढत नाही, हिची शेपटी जाड असली तरी विष हलकं, चिमटे बारीक असलेला तो बार्कवाला वाईट, असे तपशील त्यांच्याकडे जमत गेले, आणि जिथे तपशील जमला तिथून भीती हटली. जिथे नव्हता तिथे ती होती तशीच आहे. पेंढ्याला त्या आजही हात लावत नाहीत.

मला खुपणारी गोष्ट दुसरीच आहे. ही जात पेटीत वाढवणं फार अवघड. पिल्लं जन्मतात, आईच्या पाठीवर बसतात, पहिली कात टाकून खाली उतरतात आणि पुढच्या एखाद्या कातीच्या वेळी मरतात. त्यामुळे दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक विंचू रानातून उचललेला असतो, बहुतेकदा अशाच दिव्याने शोधून. म्हणजे इंगळाबाईचं बीळ इथूनच तासा-दोन तासांवर कुठेतरी असणार, पालो व्हर्देच्या नाही तर सग्वारोच्या बुंध्याशी, आणि तिला तिथून काढून आम्ही तिथल्याच वाळवंटाची नक्कल दिवाणखान्यात मांडून दिली आहे. आफ्रिकेतल्या एम्परर विंचवाची अशीच बेसुमार उचल झाली, तेव्हा १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्सच्या यादीत त्याचं नाव घालावं लागलं. आमच्या जातीवर तशी पाळी आलेली नाही. म्हणून मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

परदेशात राहणारी मराठी माणसं स्वतःला विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण लावून घेतात. गणपतीच्या जेवणात दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. खरं तर विंचवाएवढा घरकोंबडा प्राणी नाही. पाठीवर असतात ती आईची पोरं, आणि तीही एखाद-दोन आठवडे. उतरली की त्यांनी आईच्या टापूत रेंगाळू नये हेच बरं, नाही तर आईच त्यांना खाते.

लेक गेल्या वर्षी कॉलेजला गेला, पूर्वेकडे, बर्फाच्या गावात. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत. जाताना त्याने रातकिड्यांच्या खाण्यापासून गादीच्या तापमानापर्यंत सगळं लिहून फ्रिजवर लावलं, जणू इतकी वर्षं ते तोच करत होता. ही जात पंधरा वर्षांच्या पुढे सहज जगते. दुकानातून आणली तेव्हा ती पूर्ण वाढलेली होती, वय कोणालाच माहीत नाही. ती मला पुरेल की मी तिला, हे सांगता येत नाही. वाळवंटात नेऊन सोडावं म्हटलं तर तेही योग्य नाही. पेटीतली बुरशी, किडे ती बाहेर नेईल, आणि जिथे सोडू तिथली प्रत्येक आयती जागा कोणाच्या तरी मालकीची असेल. तेव्हा मुक्काम इथेच. डिसेंबरात आम्ही भारतात गेलो तेव्हा समोरच्या लॅब्रेडॉरवालीने आमच्या कुंड्यांना पाणी घातलं. इंगळाबाईसाठी तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त आठवड्यातून एकदा वाटी भरायची. तिने ते मान्य केलं, झाकणावर दोन विटा ठेवायच्या अटीवर.

सासूबाई आता येत नाहीत. गुडघे प्रवासाला नाही म्हणतात. रविवारी व्हिडिओवर बोलतो. मागच्या रविवारी सांगत होत्या, वाडीतल्या एकाच्या सुनेला लाकडं काढताना तांबडा डसला. "घाम फुटला तसं मी म्हटलं, थांबू नका, गाडी काढा." तालुक्याच्या दवाखान्यात गोळी दिली, रात्रभर ठेवून घेतलं, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. भगताकडे कोणी गेलंच नाही का, मी विचारलं. "गेले ना. आल्यावर गेले, नारळ द्यायला." मग नातवाची परीक्षा, माझी पाठ, इथला भाजीचा भाव, सगळं झालं.

"आणि ती जेवली का?"

"नाही. काल रातकिडा टाकलाय, तसाच फिरतोय."

"मग काढून घे आधी. झोपू दे तिला, उगाच चावायचा."